कोतवाल बुकातली युद्धाची वर्षं

कोतवाल बुकाचं, म्हणजे कोतवालाजवळच्या गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीचं, जुनं पान उघडलं की जन्माची ओळ साधारण अशी दिसते. अनुक्रमांक, तारीख, बापाचं नाव, त्यापुढे ‘वल्द’ आणि आजोबाचं नाव, जात, गाव आणि शेवटी एकच शब्द, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, कारण खबर बारशाच्या आधीच गेलेली असते. आईचं नाव तर सहसा नाहीच.

नागपूर, भंडारा, वर्धा या पट्ट्यात आज ही ओळ शोधत लोक तहसील कचेरीत येतात ते जात प्रमाणपत्रासाठी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांच्या जन्माची वर्षं यात बरोबर बसतात, म्हणून १९३९ ते १९४५ ची बुकं हाताळून हाताळून कडांना झिजलेली असतात. येणारा आपल्या घरची एक ओळ शोधतो, नक्कल घेतो आणि जातो. त्यात गैर काहीच नाही. पण ती ओळ मुळात एका घरासाठी लिहिलेलीच नव्हती. ती बेरजेसाठी होती. त्या जिल्ह्यात, त्या महिन्यात किती मुलं जन्मली आणि त्यातली किती जगली, हे कळावं म्हणून ती लिहिली गेली. त्या बेरजेकडे पाहणारं आज फारसं कोणी उरलेलं नाही. ती नीट वाचायची असेल, विशेषतः युद्धाच्या वर्षांतली, तर काय काय तपासावं लागतं ते इथे मांडायचं आहे.

आधी ही ओळ बनायची कशी ते पाहू. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गावच्या जन्ममृत्यूची खबर ठाण्यात पोचवणं हे कोतवालाचं काम होतं. त्याच्याजवळ एक बुक असे. पुष्कळ कोतवालांना लिहिता येत नसे, तेव्हा गावातलं जो कोणी लिहिणारं असेल त्याच्याकडून, पटवाऱ्याकडून किंवा मास्तरांकडून, तो नोंद करून घेई. ठरलेल्या दिवशी तो ठाण्यात हजेरीला जाई आणि तिथला मुन्शी त्या नोंदी ठाण्याच्या रजिस्टरात उतरवून घेई. ठाण्याचा महिन्याचा गोषवारा सिव्हिल सर्जनकडे, आणि तिथून प्रांताच्या आरोग्य खात्याकडे. शहरात नगरपालिकेची वेगळी व्यवस्था होती, तिथे घरच्या कर्त्यानं खबर द्यायची. कामठीची छावणी १८२१ पासूनची. तिचा कारभार छावणीचा, म्हणून तिची मोजदादही वेगळी. म्हणजे नागपूर आणि त्याच्या वेशीवरच्या वस्त्यांचा एका वर्षाचा जन्माचा आकडा हवा असेल तर निदान तीन ठिकाणचे कागद एकत्र करावे लागतात. यातला एक जरी सुटला तरी बेरीज चुकते, आणि छापील तक्त्यात तो सुटलाय हे कुठेच लिहिलेलं नसतं.

या साखळीत चार हात आहेत, आणि प्रत्येक हातात काहीतरी सांडतं. सगळ्यात जास्त सांडतं ते पहिल्याच. कोतवालाला खबर कधी लागते? बाळंतीण माजघरात, दाई घरातली किंवा शेजारची. पाचवीला सटवाईची पूजा झाली, बाळ तरलं, की मग बातमी वेशीपर्यंत येते. जे बाळ तिसऱ्या दिवशी गेलं त्याचा जन्मही नोंदला जात नाही आणि मृत्यूही. कागदाच्या दृष्टीनं ते आलंच नाही. गावातली प्रत्येक बाई त्याला ओळखत होती, त्याच्या आईच्या अंगावरचं दूध आटेपर्यंत घरानं ते दुःख सोसलं होतं, आणि जिल्ह्याच्या गोषवाऱ्यात त्याला एक रेघही मिळाली नाही. हे आकडे वाचताना ही जागा सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

तारखेचीही तीच गत. बुकात येते ती तारीख जन्माची की खबरीची, हे रकाना काहीही म्हणत असला तरी नक्की नसतं. ओळखायची एक साधी रीत आहे. एका वर्षाच्या सगळ्या नोंदी घ्या आणि प्रत्येक तारखेला वार कोणता होता ते लिहा. मुलं वार पाहून जन्मत नाहीत, म्हणून सातही वारांना साधारण सारख्याच नोंदी पडायला हव्यात. त्यातल्या एक-तृतीयांश नोंदी एकाच वारी आल्या तर तो कोतवालाच्या हजेरीचा वार समजावा. मग त्या बुकातला दिवस धरू नये, आठवडा धरावा. घरच्यांना जन्म आठवतो तो ‘तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘मारबत निघाली त्या सकाळी’ असा. ती आठवण पंचांगात नेऊन त्या वर्षीची इंग्रजी तारीख काढली तर पुष्कळदा बुकापेक्षा अचूक निघते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख मात्र पुष्कळदा मास्तरांनी दाखल्याच्या सोयीनं घातलेली असते. तिचा बेरजेला उपयोग नाही.

आता युद्धाकडे येऊ.

देशभर १९४३ आणि १९४४ मध्ये नोंदलेला जन्मदर खाली आला. नागपूरसारख्या जिल्ह्यात तो खाली गेलेला दिसला तर पहिला प्रश्न हा, की मुलं खरंच कमी झाली की नोंदी कमी झाल्या? दोन्ही कारणं तेव्हा हजर होती. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि विदर्भातली तरणी माणसं भरती झाली. घरधनी दूर, धान्य महाग, कापड मिळेना. अशा वेळी मुलं कमी जन्मतात यात नवल नाही. पण त्याच काळात ठाण्यांवर भलताच भार होता. ऑगस्ट १९४२ मध्ये नागपुरात चळवळ पेटली, आष्टीला जमाव पोलीस ठाण्यावर गेला, चिमूरला रक्त सांडलं. त्या दिवसांत जन्माची नोंद द्यायला कोणता कोतवाल ठाण्याची पायरी चढणार होता? आणि चढलाच तरी कोणता मुन्शी ती उतरवून घेणार होता?

या दोन कारणांना वेगळं करता येतं, आणि त्यासाठी फार गणित लागत नाही. गर्भ राहणं आणि जन्म यांत नऊ महिन्यांचं अंतर आहे, तर नोंद बुडणं त्याच महिन्यात दिसतं. आकडे महिनावार मांडा. घसरण ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्येच दिसली आणि नोव्हेंबरात आकडा पुन्हा जागेवर आला, तर ती नोंदणीतली घट. घसरण मे १९४३ च्या सुमारास सुरू झाली तर ती घरांत झालेली घट. दुसरी खूण मृत्यूंच्या रकान्यात असते. महागाईच्या वर्षात मृत्यू वाढायला हवेत. जन्म आणि मृत्यू दोन्ही एकाच ठाण्यात, एकाच महिन्यात, एकदम निम्म्यावर आले तर तिथे माणसं जन्मायची आणि मरायची थांबलेली नाहीत, लिहिणारा थांबलाय. तिसरी खूण म्हणजे मुली. शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, हे प्रमाण फारसं हलत नाही. एखाद्या ठाण्याच्या वर्षभराच्या नोंदीत ते १२० वर गेलं तर मुली सांगितल्याच गेल्या नाहीत. फक्त नोंदी शे-दीडशेच असतील तर या खुणेवर विसंबू नये, एवढ्या थोड्या जन्मांत प्रमाण आपोआप खालीवर होतं. निदान दोन-तीन हजार नोंदी एकत्र कराव्यात.

हे झालं वरच्या आकड्याचं, अंशाचं. जन्मदराची खरी फसगत मात्र छेदात होते, आणि युद्धानं छेद जास्त बिघडवला.

छेद म्हणजे त्या वर्षाच्या मध्याची लोकसंख्या. १ मार्च १९४१ ची जनगणना युद्ध चालू असतानाच झाली. यीट्स हे जनगणना आयुक्त. एका रात्रीत सगळ्या देशाची शिरगणती करायची जुनी रीत त्यांनी सोडली, घरोघर जाऊन थेट चिठ्ठ्यांवर माहिती उतरवून घेतली. पण पुढे खर्चाला कात्री लागली आणि चिठ्ठ्यांवरून सविस्तर तक्ते करणं राहिलं. मोजलेली माणसं कळली, त्यांची वयं नीट कळली नाहीत. पुढे कधी उपयोग होईल म्हणून दर ५० चिठ्ठ्यांमागे एक, म्हणजे २ टक्के चिठ्ठ्या, वेगळ्या ठेवल्या गेल्या. या कात्रीची किंमत मोठी आहे. १५ ते ४९ वयाच्या बाया किती होत्या हे कळलं तरच त्या बायांमागे मुलं किती झाली हे सांगता येतं. तो तक्ता हाती नसला की सगळ्या माणसांमागे जन्म मोजायचे, त्यात म्हातारे, पोरं, गिरणीतले एकटे कामगार आणि छावणीतले शिपाई सगळेच आले. कामठीत हजारभर शिपाई येऊन राहिले तर तेवढ्यानंच तिथला जन्मदर पडतो, एकाही घरातलं एकही मूल कमी न होता. म्हणून छावणीची माणसं आधी वजा करायची, मग भागायचं.

नागपूर शहर १९३१ मध्ये सुमारे २ लाख १५ हजारांचं होतं, १९४१ मध्ये सुमारे ३ लाख २ हजारांचं, १९५१ मध्ये सुमारे ४ लाख ४९ हजारांचं. मधल्या वर्षांची लोकसंख्या कोणी मोजलेली नाही, ती काढावी लागते. जुलै १९४४ ची काढून पाहा. १९३१ ते ४१ मध्ये वर्षाला ८,७०० माणसं वाढली, तोच वेग पुढे धरला तर सव्वातीन वर्षांहून थोड्या जास्त काळात लोकसंख्या ३ लाख ३१ हजार होते. १९४१ आणि ५१ या दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढली तर ३ लाख ५१ हजार. दरसालचा टक्का कायम धरला, म्हणजे चक्रवाढीनं मोजलं, तर ३ लाख ४५ हजार. समजा त्या वर्षी नगरपालिकेच्या दप्तरी १०,००० जन्म आहेत. पहिल्या छेदानं जन्मदर हजारी ३०.२, दुसऱ्यानं २८.५, तिसऱ्यानं २९. जन्म तेच, शहर तेच, आणि फरक पावणेदोनचा. त्या काळातल्या कर्मचाऱ्यापुढे पहिलाच मार्ग होता, १९५१ चा आकडा त्याला कुठून कळणार? म्हणून तेव्हाच्या वार्षिक अहवालात छापलेला दर आणि नंतर कोणी दुरुस्त करून काढलेला दर एकाच तक्त्यात शेजारी ठेवायचे नसतात. ठेवले की युद्ध संपल्यावर जन्मदर घसरल्यासारखा भास होतो, आणि प्रत्यक्षात फक्त छेद बदललेला असतो.

सरळ रेघही बिनदोष नाही. १९४७ नंतर सिंध-पंजाबातून निर्वासित आले, जरीपटक्यासारखी वस्ती उभी राहिली. ती माणसं १९५१ च्या आकड्यात आहेत, १९४४ मध्ये ती इथे नव्हती. ती वगळली नाहीत तर मधल्या वर्षांचा छेद फुगतो. हद्दीचंही तसंच. शहराची वाढ आखणारा सुधार प्रन्यास १९३० च्या दशकात आला आणि वेशीबाहेरची शेतं लेआउट होऊ लागली. कोणत्या वर्षी कोणतं खेडं शहराच्या मोजणीत धरलं हे नकाशावर पाहिल्याशिवाय दोन जनगणनांची तुलना करू नये. एखाद्या खेड्यातले जन्म कोतवाल ठाण्यात देतोय आणि माणसं मात्र शहराच्या लोकसंख्येत मोजली जाताहेत, असं झालं की शहराचा दर विनाकारण कमी आणि ठाण्याचा विनाकारण जास्त येतो.

हेच दुखणं जगात दुसरीकडे कसं हाताळलं ते पाहण्यासारखं आहे. लंडनच्या उपनगरांत युद्धाच्या पहिल्याच महिन्यात गरोदर बायांना खेड्यांकडे हलवलं, तिथे तात्पुरती प्रसूतिगृहं उघडली. उपनगरातली बाई, बाळंत झाली शंभर मैलांवर. जन्म जिथे झाला तिथेच मोजला असता तर उपनगरात पाळणाच हलला नाही आणि एखाद्या लहानशा गावात मुलांचा पूर आला असं दिसलं असतं. तिथे जन्म आईच्या राहत्या ठिकाणाकडे वळता करायची पद्धत होती, म्हणून जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्याच्या अहवालात बाहेर गेलेले आणि आत आलेले जन्म दुरुस्त होऊन येत. लोकसंख्येसाठी त्यांच्याकडे १९४१ ची जनगणनाही नव्हती. २९ सप्टेंबर १९३९ ला घरोघर ओळखपत्रांसाठी झालेली नोंद आणि पुढे रेशनची पुस्तकं, यांवरून दरवर्षी नागरी लोकसंख्या काढली जाई आणि फौजेतली माणसं बाजूला ठेवली जात. म्हणून इंग्लंड आणि वेल्सचा जन्मदर १९४१ मध्ये हजारी १३.९ आणि १९४४ मध्ये १७.७ होता असं आज ठामपणे म्हणता येतं. बॉम्ब पडत असताना त्यांनी छेद सांभाळला.

आपल्याकडे बाईला हलवायला युद्ध लागत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सीताबर्डीवर दिलेली काटोलची लेक सातव्या महिन्यात काटोलला जाते आणि सव्वा महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी बाळ घेऊन परत येते. मूल काटोलच्या बुकात, आई जनगणनेत नागपूरची. उलटही होतं. अडलेली बाई सावनेर, उमरेडहून बैलगाडीनं, रेल्वेनं नागपूरच्या डफरीन किंवा म्यूर इस्पितळात आली आणि तिथे मोकळी झाली तर ते मूल शहराचं. म्हणजे पहिली मुलं खेड्यांकडे झुकतात आणि अवघड बाळंतपणं शहराकडे. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. अडलेल्या बाळंतपणात आई आणि बाळ दगावण्याची भीती जास्त, म्हणून शहराचा बालमृत्यू आणि मातामृत्यू फुगतो आणि खेड्याचा उतरतो. खेडं सुखी दिसतं. तिथल्या बायांचं मरण शहराच्या खात्यावर पडलेलं असतं. आजही १९६९ च्या कायद्यानं जन्म घडल्या ठिकाणीच नोंदला जातो. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीहून मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात आलेल्या बायांची मुलं नागपूरच्या दप्तरी जातात. फरक इतकाच, की आताच्या नमुन्यात आईचा राहता पत्ता असतो, त्यामुळे कोणाला वाटलं तर वर्गवारी करता येते. युद्धाच्या वर्षांसाठी ती सोय नाही. तेव्हा शहर एकटं घेऊ नये. आख्खा जिल्हा घ्यावा, जमलं तर शेजारची वर्ध्याची आणि भंडाऱ्याची ठाणीही जोडावीत. मुलूख जेवढा मोठा घ्याल तेवढं माहेर त्याच्या आत येतं.

बालमृत्यूदराबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे, कारण तो सगळ्यांत जास्त उद्धृत होतो आणि सगळ्यांत कमी तपासला जातो. देशाच्या आरोग्याच्या पाहणीसाठी ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीनं १९४६ च्या अहवालात १९३७ सालचा आकडा दिला, हजार जिवंत जन्मांमागे १६२ बालकं वर्षाच्या आत दगावतात. समितीनं या नोंदणीच्या कच्चेपणावरही बोट ठेवलं होतं. आता हा कच्चेपणा दर कुठे नेतो ते पाहा. समजा एका तहसिलीत खरे जन्म १,००० आणि वर्षाच्या आत गेलेली बालकं २००, म्हणजे दर २००. बुकात जन्म ६०० आले आणि बालमृत्यू १३०, तर दर निघतो २१७. बालमृत्यू ८० च आले तर १३३. नोंदणी दोन्ही वेळी अपुरीच आहे, पण एकदा दर खऱ्यापेक्षा वर आणि एकदा खाली. म्हणून ‘नोंदणी कच्ची होती, म्हणजे खरा दर याहून जास्तच असणार’ हे डोळे मिटून म्हणता येत नाही. दफनासाठी किंवा दहनासाठी गाव जमतं, त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाचा मृत्यू नोंदला जातो. दोन दिवसांचं बाळ घरचेच कोणीतरी पुरून येतात. ओळखायचं कसं? एकूण बालमृत्यूंत पहिल्या महिन्यातले किती ते मोजा. तो वाटा मोठा असायला हवा. एखाद्या बुकात तो दहातला एक निघाला तर सुरुवातीचे मृत्यू गायब आहेत आणि तिथला दर खालचा आहे. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वेळ घालवू नये. तिथे बहुतेक सगळ्यांपुढे ‘ताप’ लिहिलेलं असतं, हिवताप असो, विषमज्वर असो की बाळंतरोग.

नोंदणी किती टक्के कच्ची, हे सांगायची एक देखणी रीत याच काळातून निघाली. कलकत्त्याजवळ सिंगूरला आरोग्यकेंद्र होतं. तिथल्या १९४५ आणि १९४६ च्या जन्ममृत्यूंच्या दोन याद्या घेतल्या, एक सरकारी नोंदणीची आणि एक घरोघर जाऊन विचारलेली. चंद्रशेखर आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. कल्पना इतकी सरळ आहे की तहसिलीत बसून कागद-पेन्सिलीनं करता येते. समजा बुकात १२० जन्म आहेत. घरोघर विचारलं तर १४० निघाले. नावानिशी जुळवल्यावर ८४ दोन्हीकडे सापडले. म्हणजे घरी विचारलेल्या १४० पैकी ८४, साठ टक्के, बुकात होते. मग बुकानं गावातले एकंदर साठ टक्केच टिपले असं धरायचं. १२० हे साठ टक्के, तर खरे जन्म २००. दोन याद्या मिळून वेगवेगळी १७६ मुलं दिसतात. उरलेली २४ कोणत्याच यादीत नाहीत, तरी ती होती हे या गणितानं कळतं. कागदावर कुठेच नसलेल्या मुलांना मोजण्याची ही रीत आहे, आणि तिच्याइतकी माणुसकीची आकडेमोड दुसरी क्वचितच असेल.

ती फसते दोन ठिकाणी. एक, जुळवणीत. ‘गणपत वल्द सखाराम’ एका मोठ्या गावात तीन असतात. बापाचं नाव, जात, मुलगा-मुलगी आणि महिना, या चारपैकी निदान तीन जुळल्याशिवाय जोडी धरू नये. जोड्या कमी धरल्या तर खरा आकडा फुगतो, जास्त धरल्या तर दबतो. दुसरी जागा अधिक फसवी आहे. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. आज कोतवाल बुकाशी ताडायला दुसरी यादी शोधताना देवी टोचणाऱ्याचं रजिस्टर हाताशी येतं आणि मोह होतो. पण देवी टोचणारा पुष्कळदा जन्माच्या नोंदींवरूनच घरं शोधत जाई. तिथे जुळणी भरपूर होणार आणि नोंदणी उत्तम होती असं खोटंच निघणार. शाळेचं दाखल-खारीज स्वतंत्र आहे, पण त्यात सहा-सात वर्षं जगलेली मुलंच येतात, त्यातही मुली थोड्या. मुलग्यांपुरतं, आणि जगलेल्यांपुरतं, ते वापरता येतं. ज्या घरांची नोंद कोणीच करत नाही, वस्तीच्या टोकाची, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी, ती दोन्ही याद्यांतून सुटतात. म्हणून जमेल तर एकेक वस्ती वेगळी करून गणित मांडावं आणि शेवटी बेरीज करावी.

बुकच सापडत नसेल तर उलट्या बाजूनं जाता येतं. १ मार्च १९५१ ला ज्यांना पाच ते नऊ वर्षं पूर्ण होती ती सगळी मुलं मार्च १९४१ ते फेब्रुवारी १९४६ मधली, म्हणजे जवळजवळ नेमकी युद्धातली. समजा एका मुलखात अशी ४०,००० मुलं आहेत आणि जन्मलेल्या शंभरातली ७२ या वयापर्यंत पोचतात असं धरलं, तर पाच वर्षांत ५५,५५५ जन्म, वर्षाला ११,१११. धरलेला ७२ हा आकडा ६८ केला तर वर्षाचे जन्म ११,७६५ होतात, म्हणून एकच उत्तर न देता दोन टोकं द्यावीत. वयातही खोट असते. नऊ वर्षांच्या मुलाला आई ‘दहाचा आहे’ म्हणते, साताच्याला ‘आठाचा’. दहाकडे गेलेली मुलं परत आणल्याशिवाय हा हिशेब लागत नाही. आणि हा हिशेब शहरापुरता करू नये, निर्वासितांची मुलं त्यात मिसळलेली असतात.

आता प्रत्यक्ष पान शोधायचं तर. जिथे घर आहे ते गाव विचारू नका, आजी कुठे बाळंत झाली ते विचारा. पुष्कळांची शोधाशोध सासरच्या गावात संपते आणि नोंद आईच्या माहेरी असते. ते गाव तेव्हा कोणत्या ठाण्याखाली होतं ते काढा. आज जिल्ह्यात १४ तहसिली आहेत, तेव्हा एवढ्या नव्हत्या. आज मौदा किंवा कुही म्हणतो तिथले जुने कागद दुसऱ्या तहसिलीच्या कपाटात असू शकतात. सांगितलेल्या वर्षाच्या मागची आणि पुढची दोन-दोन वर्षं पाहा. बाळाच्या नावानं शोधू नका, बाप आणि आजोबाच्या नावानं शोधा. एका बापाच्या पाठोपाठच्या नोंदी मिळाल्या तर सगळ्या उतरवून घ्या, दोन भावंडांत दहा महिन्यांपेक्षा कमी अंतर दिसलं तर ते दोन वेगळे बाप आहेत किंवा एक तारीख चुकली आहे. अक्षर लागत नसेल तर त्याच पानावरच्या नेहमीच्या नावांवरून त्या लिहिणाऱ्याची वळणं आधी ओळखून घ्या. पान लॅमिनेट करू नये, उष्णतेनं जुना कागद आणखी ठिसूळ होतो आणि ते पुन्हा कधीच सुटत नाही. फोटो उजेड तिरका ठेवून काढावा, फिकट शाई आणि निबाचा दाब त्यात उठून दिसतो. ओळीवर पेन्सिलीची खूणही करू नये. पडताळणीत दक्षता पथक मूळ बुक मागवतं, आणि वेगळी शाई, गिरवलेलं अक्षर किंवा दोन ओळींत कोंबलेली नोंद दिसली तर खऱ्या नोंदीवरही संशय बसतो.

आणि नक्कल घेताना त्या एका ओळीवर थांबू नका. त्याच गावची, त्याच वर्षाची मृत्यूची पानं मागून घ्या, पुढचं वर्षही. जन्माच्या पानावर ‘मुलगी’ एवढंच लिहिलेल्या पुष्कळ ओळींची जोडी तिथे सापडते, तोच बाप, तोच आजोबा, तेच गाव, ‘मुलगी, ४ महिने, ताप’. या दोन ओळी कोणी एकत्र ठेवलेल्या नाहीत. ठेवल्या की त्या गावचा १९४३ चा बालमृत्यू, निदान नोंदलेल्या बाळांपुरता, पहिल्यांदा खरा मोजता येतो.